ऑपेरासाठी तरुण गायकांची निवड: रेकॉर्डिंग की समोरासमोर चाचणी?

ऑपेराच्या प्रशिक्षणासाठी तरुण गायक निवडताना पहिली चाळणी बहुतेक ठिकाणी रेकॉर्डिंगवरच लागते. ते रास्तही आहे. लांबच्या मुलांना प्रवासखर्चाशिवाय अर्ज करता येतो, परीक्षकांना एखादी जागा पुन्हा ऐकता येते. सूर, उच्चार, भाषेची समज एवढं त्यातून नीट कळतं.

पण अंतिम निवड त्यावर करू नये, असं माझं ठाम मत आहे. ऑपेरात गायकाला माइक नसतो, खरी मेख इथेच आहे. भरल्या वाद्यवृंदातून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो तो निव्वळ जोरामुळे नाही. तयार आवाजात, विशेषतः पुरुषांच्या, ३००० हर्ट्‌झच्या आसपास एक धार असते आणि त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर बराच उतरलेला असतो. मोबाइल मात्र बारीक आवाज आपोआप उचलतो, मोठा दाबतो. त्यामुळे नाजूक आणि दणकट गळा रेकॉर्डिंगमध्ये जवळपास सारखेच वाटतात. सभागृहात हा फरक पहिल्या दोन ओळींतच कळतो.

समोरासमोरच्या चाचणीत पहिली आरिया, म्हणजे ऑपेरातलं एकट्यानं गायचं गाणं, गायकाच्या पसंतीची, दुसरी बहुधा परीक्षक त्याच्या यादीतून निवडतात. श्वास कुठे घेतो, पियानोवादकाला लय कशी सांगतो, ‘हीच ओळ जरा हळू गा’ म्हटल्यावर काय बदलतं, हे तिथे दिसतं. शिकवण्याजोगा गायक यातच सापडतो.

सर्दीनं किंवा धास्तीनं एखाद्याचा दिवस वाया जातो, हेही खरं. अशा वेळी त्याचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकावं आणि जमल्यास त्याला दुसऱ्या दिवशी परत बोलवावं.