रिसेप्शनसाठी नावाची कार्डं, टेबल नंबर आणि बोर्ड जळगावात छापून घेतले, त्याचा अनुभव

मे महिन्यात आमच्या ताईचं रिसेप्शन झालं. तिची एकच अट होती, म्हाताऱ्या माणसांना हातात ताट देऊन बुफेच्या लायनीत उभं करायचं नाही, सगळ्यांना बसवून वाढायचं. म्हणजे पंगतच, फक्त गोल टेबलांवर. २१ टेबलं, प्रत्येकी ८ खुर्च्या, १६८ माणसं. कोण कुठे बसणार हे सांगणारी कार्डं, टेबल नंबर आणि दारातला बोर्ड, हे काम माझ्याकडे आलं.

आधी एका ऑनलाइन साइटवरून सॅम्पल मागवलं. इंग्रजी नाव सोनेरी फॉइलमध्ये सुरेख आलं होतं पण मराठी नावाची पार वाट लागलेली, 'विश्वास'ची वेलांटी भलतीकडेच आणि श्व फुटून पाय मोडलेला श वेगळा. आमच्याकडच्या निम्म्या माणसांना इंग्रजी वाचायची सवय नाही, त्यामुळे तो विषय तिथेच संपला.

मग शहरातल्याच एका डिजिटल प्रिंटवाल्याकडे गेलो. तिथे पण पहिल्या प्रूफमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यात, तोच घोळ, पण त्या डिझायनरने कारण नीट सांगितलं, आपण व्हॉट्सॲपवर टाइप करतो ते युनिकोड असतं आणि त्यांच्याकडे कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये श्रीलिपीचे फॉन्ट, दोन्हींची अक्षरं साठवायची पद्धत वेगळी, म्हणून मजकूर कन्व्हर्ट करूनच घ्यावा लागतो. कन्व्हर्ट केल्यावरही काही जोडाक्षरं हाताने दुरुस्त करावी लागली. १६८ नावं मी त्याच्या शेजारी बसून एकेक वाचली, दोन तास गेले, पण ते दोन तास द्याच. प्रूफ मोबाइलवर बघून ओके म्हणू नका, कागदावर काढून घ्या.

कार्ड ३०० जीएसएमचं, म्हणजे जाड कागदाचं, उभं राहणारं, घडी घातल्यावर साडेतीन बाय दोन इंच. १२ बाय १८ च्या एका शीटमध्ये १२ कार्डं बसतात, म्हणजे १४ शीट, आणि २ शीट बिननावाची जास्तीची घेतली. शीटला ४० रुपये, कटिंग आणि क्रीझिंगचे (घडीच्या जागी आधी रेघ दाबून घेण्याचे) २५०, सगळे मिळून ८९०. तक्रार एकच, पहिल्या गठ्ठ्याला क्रीझिंग न करताच घडी मारली होती, जाड कागद असा दुमडला की घडीवर रंग तडकतो आणि पांढरी रेघ उठते, मरून रंगावर तर फारच उठून दिसत होती. दाखवल्यावर एक शब्द न बोलता नवीन करून दिली, हे मला आवडलं.

आता बोर्डाचं सांगतो, कारण खरी गंमत तिथे आहे. मी एक्सेलमध्ये नावं सॉर्ट केली तर सगळी 'श्री' खालीच गोळा झाली. श्री आणि सौ काढून आडनावाने लावली तर १६८ पैकी ६१ पाटील! पाटलांच्या गर्दीत माणूस स्वतःचं नाव शोधणार कसं? वडील म्हणाले, "अरे गावावार लाव, आपल्याकडे माणूस गावाने ओळखतात." मग अमळनेर, पारोळा, धरणगाव, चोपडा, शिरपूर, पुणे अशी मथळ्यांखाली नावं आणि समोर टेबल नंबर. इतकं सोपं झालं की दारात एक बाबा "मनं नाव कोठे शे रे भाऊ?" म्हणत आले आणि मी बोट दाखवायच्या आत पारोळ्याखाली त्यांना सापडलं पण.

बोर्डाचा साइज मात्र एटू (A2) घेऊ नका, एवढी नावं त्यात बारीक होतात. आम्ही त्याहून मोठा एवन (A1) घेतला, ५ एमएमचा सनबोर्ड, म्हणजे हलका फोमचा बोर्ड, ४ कॉलम, अक्षर ३० पॉइंट. लॅमिनेशन मॅटच, ग्लॉसीवर हॉलचे लाइट चमकतात आणि लोक मान वाकडी करून वाचत बसतात. ११०० रुपये लागले, पण सगळ्यात कामाची वस्तू हीच. टेबल नंबर एफाइव्ह (A5) साइजमध्ये दोन्ही बाजूंनी छापले, ठीक आहेत, जास्त काही बोलण्यासारखं नाही.

एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती, कूलर. मे महिन्यातला जळगावचा हॉल, चार मोठे कूलर लावलेले, ते चालू झाले आणि पुढच्या सहा टेबलांवरची कार्डं सरळ खाली. लग्नघरात सुपाऱ्या होत्याच, आम्ही भावंडांनी कार्डाच्या मागच्या पायाला आतून डबल टेपने एकेक सुपारी चिकटवली, मग एकही हललं नाही. कूलरच्या दमट हवेने छपाई पसरेल अशी भीती होती, पण लेझर प्रिंट असल्यामुळे काही झालं नाही. घरच्या इंकजेटवर काढायचा विचार असेल तर तो सोडा.

एवढा खटाटोप कशाला असं घरात बरेच जण म्हणत होते. आमची मोठी फुई, म्हणजे आत्या, चौथी शिकलेली, आजवर प्रत्येक पत्रिकेवर ती "सहपरिवार"मध्येच. तिच्या कार्डावर आम्ही फक्त तिचं नाव छापलं होतं. तिने ते डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर लावून वाचलं, शेजारणीला दाखवलं आणि शेवभाजी वाढायला पोरं आली तेव्हा तेल लागू नये म्हणून उचलून बटव्यात ठेवून दिलं, सुपारीसकट.

दुकानाला पाचपैकी चार. बिननावाची कार्डं आणि एक काळं मार्कर जवळ ठेवा, आमची २४ पैकी १९ लागली.