युव्ही : काट्यावर एक हंगाम वापरून

मला दोन धंदे आहेत. सात एकर कोरडवाहू, आणि राळेगाव तालुक्यातल्या एका जिनिंगचा काटापट्टीचा प्रोग्राम. भरली गाडी काट्यावर चढली की वजन वाचायचं, रिकामी गाडी वजा करायची, ओलाव्याची कपात धरायची (सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्क्यांवर कपात, १२ च्या वर माल घेतच नाहीत) आणि मराठीत पट्टी छापायची. प्रोग्राम पायथनमध्ये आहे. त्यातल्या पाचेकशे ओळी माझ्या, बाकी सगळं जगभरच्या लोकांनी लिहून फुकट ठेवलेल्या पॅकेजेसमधलं.

ही पॅकेजेस उतरवून त्यांची यादी सांभाळणारं साधन म्हणजे युव्ही. त्याच्याकडे वळलो ते २०२४ च्या नोव्हेंबरातल्या एका सकाळमुळे. जिनिंगच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बदलला होता. आदल्या रात्री नव्यावर पिपने (पॅकेजेस उतरवणारं पायथनचं नेहमीचं साधन) सगळी पॅकेजेस टाकली, तेवढ्यात लाइन गेली, म्हणून चालवून न पाहताच घरी आलो. सकाळी सातला दिवाणजींचा फोन. "काहून बे, तुही पट्टी निंगून नाई राह्यली. बाहेर बावीस गाड्या उभ्या हायेत." स्क्रीनवर एरर होती की नमपायच्या (आकडेमोडीचं पॅकेज) डीटाइपचा आकार बदलला आहे, ९६ पाहिजे होता, ८८ मिळाला. दिवाणजींना वाटलं आठ क्विंटल कापूस कमी भरला.

चूक माझीच. रिक्वायरमेंट्सच्या फाइलीत (कोणती पॅकेजेस लागतात त्याची यादी) मी पांडाज (आकड्यांचे तक्ते हाताळणारं पॅकेज) २.०.३ असं नंबरासकट लिहिलं होतं आणि आपण लई शहाणे म्हणून गप्प बसलो होतो. नमपायचं नावसुद्धा त्यात नव्हतं, कारण मी ते थेट वापरत नाही, ते पांडाजला लागतं. पांडाज २.०.३ ची अट एवढीच की नमपाय अमुक नंबरापेक्षा जुनं नको. किती नवं चालेल, यावर बंधन नाही. ती आवृत्ती २०२३ ची. नमपाय २.० आलं १६ जून २०२४ ला, आणि जुन्या नमपायवर कंपाइल झालेल्या पॅकेजांशी त्याचं जुळेना. पिपने अट वाचली, सगळ्यात नवं होतं ते आणलं. त्याचं काय चुकलं? मी नवरदेव तेवढा पाहून ठेवला, वऱ्हाडात कोण येणार ते विचारलंच नाही.

त्या दिवशी हाताने पट्ट्या लिहिल्या. संध्याकाळी नमपाय २ च्या खाली आणून गाडी रुळावर आणली आणि मग आठवडाभर हाच उद्योग केला, की वऱ्हाडासकट यादी कोण नीट ठेवतं.

पिपची 'फ्रीझ' ही आज्ञा यादी देते, पण सरसकट. मी मागवलेलं कोणतं आणि कोणाच्या मागून आलेलं कोणतं, हे सहा महिन्यांनी मलाच कळत नाही. पोएट्री हे दुसरं साधन चांगलं आहे, लॉक फाइल, म्हणजे वऱ्हाडासकट नक्की नंबरांची यादी, शिस्तीत लिहितं, पण माझ्या जुन्या लॅपटॉपवर ते आवृत्त्या जुळवायला बसलं की मी बैलाला पाणी दाखवून येत असे. अ‍ॅनाकोंडा (पायथन आणि ढीगभर पॅकेजेसचा एकत्र गठ्ठा) आमच्या टॉवरवर उतरवायचं म्हणजे रात्र जागवायची, तो विषय तिथेच सोडला.

युव्ही अ‍ॅस्ट्रल या कंपनीचं, फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं, रस्ट या भाषेत लिहिलेलं. त्याच्या वेगाची सगळेच तारीफ करतात, आणि खरंच डोळे मिटून उघडेपर्यंत काम होतं. पण मला वेगापेक्षा त्याचा साठा आवडला. एकदा उतरवलेलं पॅकेज ते एका जागी ठेवतं आणि दुसऱ्या प्रोजेक्टला तिथूनच जोडून देतं. रोजच्या दीड जीबीत घरच्यांचे व्हिडिओही बसवायचे असतात, त्यामुळे याची किंमत मला विचारा. मात्र साठा एका ड्राइव्हवर आणि प्रोजेक्ट दुसऱ्यावर असलं तर जोडणी होत नाही, पूर्ण नक्कल होते आणि तशी सूचना येते. मी प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर ठेवत होतो, मला ती सूचना कळायलाच महिना लागला.

लॉक फाइलीत प्रत्येक पॅकेजचा नंबर आणि फाइलचा हॅश, म्हणजे तिची ओळख पटवणारा ठसा, असतो. बियाण्याचं पाकीट, बिल आणि मूठभर बी पीक निघेपर्यंत जपून ठेवा असं कृषी खातं सांगतं ना, तसंच. उद्या बोंब झाली तर कोणता लॉट होता ते दाखवता येतं. पोएट्रीही हॅश ठेवतं, पण युव्हीत एक सोय आहे जिच्यावर मी फिदा आहे: एक तारीख द्यायची आणि सांगायचं, याच्यानंतर जगात काही निघालंच नाही असं समज. मी ३१ मे २०२४ दिली. नमपाय गुपचूप १.२६.४ वर उतरलं. नोव्हेंबरातली ती सकाळ मी घरी बसून दोनदा घडवली आणि दोनदा मोडली. चुकीचं कारण असं हातात धरून पाहायला मिळालं की झोप लागते.

आता तक्रार. काट्याशेजारचा कॉम्प्युटर विंडोज ७ वर आहे आणि शेठजी तो बदलणार नाहीत. विंडोज ७ वर पायथन ३.८ च्या पुढे जाता येत नाही, आणि युव्ही स्वतः तिथे चालत नाही. तरी माझ्या लिनक्स लॅपटॉपवर बसून त्याने एकाच लॉक फाइलीत दोन्ही घरं सांभाळली: ३.८ साठी नमपाय १.२४.४, ऑफिसातल्या ३.११ साठी १.२६.४. इथवर शंभर टक्के मार्क. पण काट्यावर इंटरनेट नाही, व्हील फाइली (इन्स्टॉल करायला तयार पॅकेजेस) पेनड्राइव्हवरून न्याव्या लागतात, आणि पिप डाउनलोडसारखी आज्ञा मी वापरतो त्या युव्हीत नाही. मग यादी बाहेर काढायची, ती पिपला द्यायची, विंडोजच्या व्हील दे म्हणायचं. त्यातही पिप 'फक्त विंडोजवर लागेल' ही अट तपासताना माझ्याच मशीनकडे पाहतं. लिनक्स दिसलं की ते पॅकेज सोडून देतं. कलरामा असंच मागे राहिलं. नऊ किलोमीटर जाऊन काट्यावर बसलो, तर इन्स्टॉल अडलं, कलरामा सापडत नाही म्हणे. रंगीत अक्षरं दाखवायच्या पॅकेजपायी दोन खेपा. आता मी ते हाताने यादीत टाकतो.

आणखी एक खटक म्हणजे, माझ्याकडच्या युव्हीचा स्वतःचा नंबर अजून शून्याने सुरू होतो, म्हणजे काहीही बदलू शकतं. म्हणून मी युव्हीची आवृत्तीही लिहून ठेवतो आणि हंगामात ती बदलत नाही. मागे कंपनी आहे याची काळजी मात्र फार करत नाही. लायसन्स एमआयटी आणि अपाची २.० आहे, म्हणजे कोणीही वापरावं, बदलावं, आणि यादी साध्या रिक्वायरमेंट्स फाइलीत काढून कधीही पिपकडे परतता येतं.

एकच मशीन, एकच पायथन, घरी वाय-फाय, असं ज्यांचं आहे त्यांनी डोळे झाकून घ्यावं. माझ्यासारख्या पेनड्राइव्हवाल्याने पिपही सोबत ठेवावं. पाचपैकी चार.

पट्टी छापायला मी वीझीप्रिंट (पीडीएफ बनवणारं पॅकेज) वापरतो, कारण त्यात मराठी जोडाक्षरं तुटत नाहीत. त्याला अक्षरं मांडायला पँगो लागतं, आणि पँगो पायथनचं पॅकेज नाही, त्यामुळे लॉक फाइलीत ते येतच नाही. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते कोणत्या नंबराचं आहे, हे दिवाणजींच्या काट्याच्या वहीत पहिल्या पानावर पेनने लिहून ठेवलं आहे. खाली त्यांनी त्या दिवशीचा कापसाचा भावही लिहिला आहे.