पॅनेलिंगला पीयू मारून देतो म्हणणाऱ्यापासून सावध, माझे 28,500 गेले

कोल्हापुरात कुणी जुनं लाकडी पॅनेलिंग पीयू (पॉलियुरेथेन, लाकडावर मारायचा टणक रंग) मारून पांढरं करून घ्यायच्या विचारात असेल तर आधी हे वाचा आणि मग ॲडव्हान्स द्या. माझे 28,500 रुपये गेले आणि हॉल होता त्यापेक्षा वाईट झाला.

आमचं पॅनेलिंग 1994 चं, वडिलांनी हौसेनं करून घेतलेलं, सागवानी व्हिनियर आणि वर गडद पॉलिश. त्या काळात भारी दिसायचं, आता भर दुपारी ट्यूब लावावी लागते. पुतणीला बघायला पाहुणे येणार होते, म्हणून घाई. सगळं उचकटून चारकोल पॅनेल नाहीतर लुव्हर असले नव्या फॅशनचे पट्टे लावायचे म्हणजे आपल्या खिशाच्या बाहेरचं काम. मग मोबाईलवर रील दिसली, आधी आणि नंतर वाली, "न तोडता पीयू फिनिश, 110 रुपये स्क्वेअर फूट". सॅम्पल एक दाखवायचं आणि मारायचं दुसरंच, हा धंदा सगळ्यांना माहीत आहे, मलाही होता, म्हणून तर मी सॅम्पल हातात घेऊन नखानं ओरखडून बघितलं, एक रेघ उठली नाही. अजून काय बघायचं माणसानं?

रीलवाला पोरगा बोलायला गोड. काका, काकू, चहा घेतला, कपबशी स्वतः आत नेऊन ठेवली. टेप लावून 312 फूट काढलं, 34,320 झाले, वरचे 320 सोडले म्हणाला. नंतर मी मोजलं तर 236 भरलं. दाराची चौकट आणि शोकेसची काच पण धरली होती पठ्ठ्यानं! 76 फूट नुसती हवा, म्हणजे 8,360 रुपये. मोजताना टेपचं दुसरं टोक तुम्ही धरा आणि आकडे तुमच्या कागदावर लिहा.

पैसे असे गेले: 15,000 ॲडव्हान्स, मग 8,500 "हार्डनर आणि सीलर आणायचंय काका", मग 5,000 "पोरांचा पगार, उद्या शनिवार". सगळे यूपीआयनं, पावती एकाची नाही.

आता जे डोक्यातनं जात नाही ते सांगतो. मी शिरोलीला फौंड्रीत आहे, कोअर शॉपला, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथं. रेझिन आणि हार्डनर एकत्र झालं की ते थांबत नाही, वाळू मिक्सरमधनं बाहेर पडली की पटापट कोअर बॉक्समध्ये भरावी लागते, नाहीतर जाग्यावर घट्ट होते, हे मी रोज नव्या पोरांना ओरडून सांगतो. टू पॅक पीयूचं, म्हणजे रंग आणि हार्डनर वेगळ्या डब्यात येतात त्याचं पण तेच, हार्डनर घातला की तो माल काही तासांत संपवायचा, उरला तर घट्ट होतो, फेकायचा. आणि हा गडी संध्याकाळी डब्यावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून गेला, सकाळी तीच पिशवी सोडली, काडीनं ढवळलं आणि ब्रश बुडवला. माझ्या डोळ्यादेखत. मी विचारलं पण, "कालचाच माल का रे?" तर म्हणतो, "थिनर मारलं की चालतंय काका." मी सेकंड शिफ्टला निघालेलो, डबा भरायचा होता, बस चुकत होती. आणि त्यातलं काम करणाऱ्यालाच आपण शिकवायचं म्हणजे कसं वाटतं, तुम्हीच सांगा.

एक भिंत आणि दुसरी अर्धी झाल्यावर इचलकरंजीला अर्जंट साईट निघाली, ती काय संपली नाही. मग नंबर ब्लॉक. मी कडेची मास्किंग टेप ओढली तर टेपबरोबर रंग वीतभर रुंद पट्टी होऊन निघाला, खाली जुनं पॉलिश चकचकीत तसंच. म्हणजे काचपेपर फिरवलाच नव्हता, प्रायमर तर लांबच. गॅलरीत हार्डनरचा डबा सापडला. सील तोडलेलं नाही! लक्ष्मीपुरीत ओळखीच्या पेंटवाल्याला मोठा डबा दाखवला, त्यानं वास घेतला आणि हसला, रिकाम्या पीयूच्या डब्यात साधा ऑइलपेंट ओतलाय म्हणाला. डबा सीलबंद आहे का ते बघा आणि तुमच्यासमोर फोडायला लावा.

आता पोलीस. ठाण्यातला पहिला प्रश्न, "काम केलंय न्हवं त्यानं? मग फसवणूक कशी?" अहो अर्धंच केलंय आणि ते पण खोटा माल घालून, डबे घेऊन आलोय, बघा तरी. डब्याकडे कुणी मान वळवली नाही. "दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जावा." मी बीएनएसचं (भारतीय न्याय संहिता) फसवणुकीचं कलम 318, पूर्वीचं 420, म्हटलं तर "मग तुम्हीच लिहा की एफआयआर" असं ऐकून घेतलं. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला गेलेत. यूपीआय आहे म्हणून सायबरकडं पाठवलं, तिथं म्हणाले माणूस घरी आलता, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, हे आमचं नाही, ठाण्यात जावा. बँकेत तर पिन कुणी टाकला एवढंच विचारलं. म्हणजे घरात येऊन लुटलं तर सायबर नाही आणि मोबाईलवरनं पैसे गेले तर ठाण्याचं नाही, मग आम्ही काय रंकाळ्यावर जाऊन बसायचं? टॅक्स भरताना मात्र सगळ्यांना आमचा पत्ता बरोबर सापडतो.

ठाण्यात घेत नसतील तर तोच अर्ज पोस्टानं एसपींना पाठवता येतो, बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम 173(4) मध्ये तशी सोय आहे, मी रजिस्टर केलाय. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, ती तक्रार पण तयार करतोय. डबे, टेपला चिकटलेला रंग, मेसेज, काही टाकून देऊ नका.

आणि खरं सांगायचं तर पीयूची गरजच नव्हती. पेंटवाल्याच्या म्हणण्यानुसार साबणाच्या पाण्यानं इतक्या वर्षांचा तेलकटपणा काढायचा, 180 नंबरच्या काचपेपरनं चकाकी घालवायची, फटीत लांबी (पुट्टी), चांगला वूड प्रायमर आणि वर इनॅमलचे दोन पातळ हात, घरातल्या घरात होतं. आता मात्र आधी ह्याचा रंग खरवडायचा, त्याचेच एकानं 9,000 सांगितलेत.

परवा आमच्या मंडळींच्या मोबाईलवर तीच रील आली, भिंत तीच, पेजचं नाव वेगळं. रेट आता 95 केलाय.