ल्योंला ग्रुप घेऊन जाताय? काय बघायचं, काय सोडायचं

पॅरिसहून स्वित्झर्लंडकडे निघालेले बरेच ग्रुप ल्योंला थांबतच नाहीत. पण युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींनी आई-बाबा, सासू-सासरे आणि मित्रांची दोन-तीन कुटुंबं अशी पंधरा-वीस डोकी जमवून सुट्टी आखली, तर हे शहर पॅरिसपेक्षा कितीतरी सोयीचं पडतं. पॅरिसहून टीजीव्हीने, म्हणजे वेगवान रेल्वेने, दोनेक तासांचा प्रवास. रोन आणि सोन या दोन नद्या, दोन टेकड्या आणि मध्ये गाव, त्यामुळे दिशा चटकन कळतात. अडचण एवढीच की बघायला भरपूर आहे आणि हातात बहुधा दीड-दोन दिवसच असतात.

एकट्याला आवडेल ती जागा वीस जणांना झेपेलच असं नाही. म्हणून मी आधी दोन गोष्टी बघते: पांगलेली माणसं पुन्हा एका ठिकाणी सापडतील का, आणि गुडघे धरून चालणाऱ्यांना बसायला मिळेल का. संग्रहालयाची कीर्ती त्यानंतर.

दोन मोठी संग्रहालयं: संगमावरचं की तेरो चौकातलं

दोन्ही नद्या जिथे मिळतात तिथे २०१४ च्या डिसेंबरात उघडलेलं म्युझे दे काँफ्ल्युआँस उभं आहे. काच आणि स्टीलची वाकडीतिकडी इमारत. काहींना ती भन्नाट वाटते, काहींना अपघात झाल्यासारखी. आतली मांडणी मात्र सरळ आहे. उत्पत्ती, प्राणिसृष्टी, मानवी समाज आणि मृत्यूनंतरच्या कल्पना अशी चार कायमची दालनं आहेत. डायनासोरचा सांगाडा आहे, ल्योंमध्येच १८५९ साली सापडलेला मॅमथ आहे, इजिप्तच्या ममी आहेत. सात वर्षांचा नातू आणि सत्तरीचे आजोबा एकाच वस्तूपुढे थांबतात, अशी ही जागा आहे. टी१ ट्राम दारात सोडते, लिफ्ट आहेत, १८ वर्षांखालच्यांना तिकीट नाही. गच्चीवर गेलं की दोन नद्यांच्या पाण्याचे वेगळे रंग कधीकधी स्पष्ट दिसतात.

तेरो चौकातलं म्युझे दे बोझार हे चित्र-शिल्पांचं संग्रहालय. सतराव्या शतकातल्या जोगिणींच्या मठात ते भरवलंय. सत्तरएक दालनं, पेरुजिनो, रूबेन्स, मोने, मातिस, पिकासो. चित्रांची गोडी असणाऱ्याला दिवस पुरणार नाही, आणि ग्रुपच्या दृष्टीने घोळ तिथेच होतो. चार जण रमतात, बाकीचे तिसऱ्या दालनानंतर घड्याळ बघायला लागतात. इथे मी ग्रुपचे दोन भाग करते. चित्रवेडे आत, उरलेले मठाच्या अंगणातल्या बागेत. बागेत जायला तिकीट लागत नाही, रोदँची शिल्पं तिथेही आहेत, बाकं आहेत, सावली आहे. बाहेर चौकात चार घोड्यांचं मोठं कारंजं आहे, स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा घडवणाऱ्या बार्तोल्दीचं. ते मुळात बोर्दो शहरासाठी होतं, पण आलं ल्योंच्या वाट्याला.

मुलं बरोबर असतील तर मी डोळे झाकून संगमावरचं संग्रहालय घेईन. सगळे मोठे आणि निवांत असतील तरच तेरो.

रेशीम की सिनेमा

ल्योंची ओळख ज्या दोन गोष्टींनी झाली त्यांची ही दोन छोटी ठिकाणं. माझ्या मते ग्रुपला खरी मजा इथे येते.

क्रुआ-रूस टेकडीवर मेझों दे कान्यू आहे. कान्यू म्हणजे इथले रेशीम विणकर. इथे नुसत्या काचेच्या पेट्या नाहीत, माणूस माग चालवून दाखवतो. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकमेकींना शिवून त्यांची लांबलचक माळ केलेली असते, ती मागाच्या वर फिरते. जिथे भोक आहे तिथे सुई आत जाते, आकडा ताणा, म्हणजे उभा धागा, उचलतो. जिथे भोक नाही तिथे सुई मागे ढकलली जाते आणि तो धागा खालीच राहतो. खटक, खटक असा आवाज येत राहतो आणि समोर पान उमटतं. ल्योंच्या झाकारने (आपण ज्याला जेकार्ड म्हणतो) १८०४ मध्ये आणलेली ही युक्ती. १८३९ साली तर त्याचंच चित्र अशा सुमारे चोवीस हजार पट्ट्या लावून रेशमात विणलं गेलं. येवल्याकडे पैठणीच्या मागावर बसवलेला जेकार्ड ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे यंत्र अनोळखी वाटणार नाही. आमच्याकडच्या बायका या जागेवरून हलत नाहीत, आणि नंतर दुकानातूनही हलत नाहीत. रेशमी रुमालांच्या किमती बघून पुरुष मंडळी आपोआप बाहेर येतात, तेवढाच समतोल.

माहिती सांगत नेणारी फेरी साधारण तासाभराची असते. ग्रुपने आधी बुकिंग करावं आणि इंग्रजी फेरी तेव्हाच मागून घ्यावी. आजूबाजूची घरं बघायला विसरू नका. माग उंच, म्हणून छत जवळजवळ चार मीटरवर. याच वस्तीतल्या विणकरांनी १८३१ आणि १८३४ मध्ये मजुरीसाठी उठाव केले होते.

दुसरीकडे मोंप्लेझीर भागात ल्युमिएर संग्रहालय. मेट्रोच्या डी मार्गावर स्टेशनाचं नावच मोंप्लेझीर-ल्युमिएर आहे. सिनेमाची सुरुवात करणाऱ्या ल्युमिएर बंधूंच्या वडिलांनी बांधलेला हा बंगला, आणि पलीकडे त्यांच्या कारखान्याची शेड, जिच्या दारातून मार्च १८९५ मध्ये बाहेर पडणाऱ्या कामगारांचं चित्रण झालं. फिल्म पाऊण मिनिटाच्या आसपासची. शेडमध्ये आता चित्रपटगृह आहे. बंगल्यात चित्रण करणारी आणि पडद्यावर दाखवणारी सिनेमाटोग्राफ यंत्रं आहेत आणि १९०७ मध्ये बाजारात आलेल्या रंगीत फोटोच्या काचाही आहेत. त्या काचांवरचा रंग बटाट्याच्या पिठाच्या रंगवलेल्या कणांमधून यायचा, हे ऐकून स्वयंपाकघरातली मंडळीही पुढे सरकतात.

मराठी माणसाला इथे थांबायला आणखी एक कारण आहे. याच यंत्राचा खेळ ७ जुलै १८९६ रोजी मुंबईत, काळाघोड्याच्या वॉटसन हॉटेलात झाला. तो पाहून भारावलेल्या सावे दादांनी, म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, पुढे कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली. ही गोष्ट फेरीच्या आधी ग्रुपला सांगा. मग तो बंगला परका वाटत नाही.

दोन्हींतलं एकच शक्य असेल तर कान्यूंचं घर घ्या. डोळ्यांसमोर काहीतरी घडतं आणि भाषा आडवी येत नाही. ग्रुपमध्ये सिनेमावेडे जास्त असतील तर ल्युमिएर. तिथे गर्दीही कमी जाणवते.

टेकडी की गल्ल्या

या दोन्ही गोष्टी खरं तर एकाच अर्ध्या दिवसात होतात, फक्त क्रम बरोबर हवा. व्ह्यू ल्यों, म्हणजे जुन्या गावातून, फ्युनिक्युलरने, म्हणजे दोराने ओढल्या जाणाऱ्या छोट्या रेल्वेने, आधी वर फूरव्येर टेकडीवर जायचं. वर १८७२ पासून उभारलेली बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे, प्रवेश मोफत. तिच्या मागच्या कठड्यावरून सगळं शहर दिसतं, ग्रुप फोटो इथेच काढा. तिथून थोडं चाललं की रोमन रंगमंच. इसवी सन पूर्व ४३ मध्ये रोमनांनी वसवलेलं लुग्दुनम ते हेच. दगडी पायऱ्यांवर सगळ्यांना बसवून खाऊचे डबे उघडता येतात, आणि त्यालाही तिकीट नाही. जून-जुलैत मात्र इथे महोत्सव असतो, तेव्हा मंच आणि खुर्च्यांमुळे जागा अडते.

शेजारचं लुग्दुनम संग्रहालय डोंगरातच खोदून बसवलंय, उताराने खाली खाली उतरत जातं. सम्राट क्लॉडियसच्या भाषणाचा ब्राँझचा पत्रा तिथे आहे, आणि हा क्लॉडियस जन्मला ल्योंमध्येच. इतिहासात रस असलेल्यांनी जावं. बाकीच्यांना रंगमंच पुरे.

खाली जुन्या गावातले त्राबूल म्हणजे इमारतींच्या पोटातून जाणारे बोळ. एका रस्त्याचं दार ढकलायचं आणि पलीकडच्या रस्त्यावर निघायचं. फिरायला गंमत येते, पण वीस जणांसाठी हे अवघड प्रकरण आहे. तिथे लोक राहतात. मोठ्याने हाका मारत, रील बनवत गेलात तर वरच्या खिडकीतून बोलणी बसतील, आणि ती योग्यच असतील. सात-आठ जणांच्या तुकड्या करा. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, चपला त्या बेताने घाला.

बाकीचं, थोडक्यात

जुन्या गावातलं सिनेमा आणि मिनिएचरचं संग्रहालय मुलांना फार आवडतं, पण इमारत जुनी, जिने बरेच. आजी-आजोबांना तेवढा वेळ कॉफीला बसवा. गिन्योल या ल्योंच्या लाडक्या बाहुल्याची ओळख गादान्य संग्रहालयात होते. दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार आणि हद्दपारीच्या इतिहासाचं केंद्र गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ताब्यात घेतलेल्या इमारतीत आहे आणि त्यांचा ल्योंमधला प्रमुख क्लाउस बार्बी याच्यावरच्या १९८७ च्या खटल्याचं चित्रण तिथे बघता येतं. जागा महत्त्वाची, पण लहान मुलांना नेऊ नका आणि सहलीच्या मूडमध्ये तर मुळीच जाऊ नका. पोरं कंटाळली तर तेत दोर उद्यान: ११७ हेक्टर, तलाव आणि मोफत प्राणिसंग्रहालय.

वार आणि पोट

सगळ्यात जास्त फजिती वारांवरून होते. संगमावरचं, ल्युमिएर, लुग्दुनम आणि गादान्य सोमवारी बंद. तेरोचं मंगळवारी बंद. कान्यूंचं घर रविवारी बंद. म्हणजे सोमवारी पोहोचलात तर टेकडी, गल्ल्या आणि तेरो; संगम दुसऱ्या दिवसावर. दिवसाला दोन-तीन संग्रहालयं करणार असाल तर ल्यों सिटी कार्ड घ्या, त्यात मेट्रो-ट्राम-फ्युनिक्युलरही येतं. एकच करणार असाल तर सुटं तिकीट स्वस्त पडेल. ८ डिसेंबरच्या आसपास दिव्यांचा उत्सव असतो, तेव्हा वीस जणांना हॉटेल मिळणं कठीण.

जेवणाचं आधीच ठरवा. ल्योंची प्रसिद्ध बुशाँ हॉटेलं मांसाहारी माणसाला पर्वणी, पण आतडी-कलेजीचा कारभार आहे आणि टेबलं छोटी. शाकाहारी असतील तर त्यांना मसाला घातलेलं ताजं चीज, सॅलड आणि गुलाबी प्रालीनचा (साखरेत घोळवलेल्या बदामांचा) टार्ट एवढंच उरतं. अशा वेळी मी ग्रुपला पॉल बोक्यूझ या खाद्यपदार्थांच्या बाजारात सोडते: ज्याला जे हवं ते त्याने घ्यावं, आणि तासाभराने दारात जमावं.