जुनी इनोव्हा आणि खेड्यातला रस्ता : दीर्घ वापरानंतरचे परीक्षण

टोयोटाची इनोव्हा २००५ च्या फेब्रुवारीत टोयोटाच्याच क्वालिस गाडीच्या जागी भारतात आली आणि २०१६ मध्ये इनोव्हा क्रिस्टा ही पुढची आवृत्ती येईपर्यंत मूळ बांधणीत विकली गेली. आमच्या घरची गाडी २००९ सालची, डिझेलवर चालणारी आणि आठ आसनांची आहे. नवीन घेतली तेव्हापासून ती यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यातल्या आमच्या गावीच राहिली आणि तिने तीन लाख किलोमीटरचा टप्पा ओलांडला आहे. इतक्या जुन्या गाडीच्या भरवशावर रात्री-अपरात्री रुग्णाला घेऊन सेवाग्रामला किंवा नागपूरला निघावे का, आणि अशी जुनी गाडी आज विकत घ्यावी का, हे दोन प्रश्न गावातले लोक मला नेहमी विचारतात. पहिल्याला माझे उत्तर निःसंशय होकाराचे आहे; दुसऱ्याला अटी आहेत.

या गाडीचा टिकाऊपणा तिच्या बांधणीत आहे. खाली ट्रकसारखी स्वतंत्र चेसिस, म्हणजे जिच्यावर गाडी बसवतात तो लोखंडी सांगाडा, ताकद मागच्या चाकांना आणि २४९४ सीसीचे कॉमन रेल डिझेल इंजिन. एवढ्या मोठ्या इंजिनाकडून जेमतेम शंभर अश्वशक्ती घेतलेली असल्यामुळे आठ माणसे आणि वर लग्नाचे सामान लादले तरी ते शांतपणे ओढते. भरधाव पळवण्याची हौस असलेल्याला ही गाडी संथ वाटेल. आमच्या कामाला तिचा वेग पुरेसा आहे. एसी लावून मोठ्या रस्त्यावर लिटरला बारा किलोमीटरच्या आसपास चाल मिळते आणि एवढ्या वर्षांत तीत फार घट झालेली नाही. तरीही माझ्या मते तिच्या भरवशाचे खरे कारण वेगळे आहे. टॅक्सी म्हणून ही गाडी इतकी चालली, की तिचे सुटे भाग यवतमाळला सहज मिळतात आणि तालुक्याच्या मिस्त्रीचा हात तिच्यावर बसलेला असतो. खेड्यात राहणाऱ्या कुटुंबासाठी गाडी कधीच बिघडू नये या अपेक्षेपेक्षा ती बिघडली तर संध्याकाळपर्यंत घरी परत यावी, ही अपेक्षा अधिक व्यवहार्य आहे, आणि ती या गाडीने पुरी केली आहे.

विदर्भात जुन्या इंजिनाची कसोटी मे महिन्यात लागते. पारा पंचेचाळीसच्या वर गेलेला असताना, एसी चालू ठेवून, भरलेली गाडी चढावर नेताना रेडिएटरची खरी प्रकृती कळते. येथे सर्वांत घातक सवय म्हणजे रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणे. आमच्या भागातले भूजल जड आहे. पाणी तापवण्याच्या भांड्याला जसा पांढरा थर धरतो, तसाच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि इंजिनाच्या आत धरतो. आधी काटा थोडा वर सरकतो, मग एखाद्या उन्हाळ्यात हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) जाते आणि दोष मात्र गाडीच्या वयाला दिला जातो. आम्ही पहिल्यापासून तयार कूलंटच (इंजिन थंड ठेवणारे द्रावण) वापरले, रबरी होज पाइप कडक होऊ लागताच बदलले आणि दर उन्हाळ्यापूर्वी रेडिएटर बाहेरून धुऊन घेतला, कारण कापसाच्या हंगामात उडणारे तंतू आणि धूळ त्याच्या जाळीत घट्ट बसतात. एसीच्या कंडेन्सरलाही हीच धुलाई लागते. इंजिन आजवर उघडावे लागलेले नाही आणि त्याचे श्रेय मी या काळजीला देतो.

टायमिंग बेल्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याच्या, बाबतीत चालढकल करण्यास अजिबात वाव नाही. या इंजिनात साखळी नसून पट्टा आहे; तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि इंजिनाचा मोठा खर्च उभा राहतो. बदलण्याची वेळ आली की डॅशबोर्डवर त्याचा दिवा लागतो. मात्र कोणी बेल्ट न बदलता नुसता दिवा बंद करून घेतला असेल, तर जुनी गाडी घेणाऱ्याला ते कळणार नाही. म्हणून बेल्ट बदलल्याचे बिल हाती नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरावे आणि तो ताणून धरणाऱ्या टेन्शनरसह नवा बसवून घ्यावा.

पुढच्या चाकांचे लोअर आर्म, त्यांचे बुश आणि बॉल जॉइंट हा आमच्या रस्त्यांवर वारंवार येणारा खर्च आहे. पांदण रस्त्याने वावरापर्यंत नेलेली गाडी वर्षा-दोन वर्षांत पुढून खडखडू लागते आणि टायर आतल्या बाजूने झिजतात. ही झीज मी दोष मानत नाही. एवढे ओझे आणि असे खड्डे सोसणाऱ्या कोणत्याही गाडीचे हे भाग झिजतीलच. पावसाळ्यानंतर मडगार्डच्या आत चिकटलेली काळी माती पाण्याच्या फवाऱ्याने काढली नाही, तर ती महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते आणि पत्रा तिथून गंजतो. पंपावरचे डिझेल सोडून ड्रममधले डिझेल या इंजिनाला कधीही देऊ नये, कारण पाणी आणि गाळ इंजेक्टरचा घात करतात. धान्याच्या कोठाराजवळ गाडी उभी करणाऱ्यांनी उंदरांपासून वायरी सांभाळाव्यात.

कागदपत्रांचा खर्च आता विसरून चालत नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. चारचाकीसाठी हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा द्यावा लागतो. आमची नोंदणी २०२४ मध्ये वाढवून घेतली.

आज जुनी इनोव्हा घेणाऱ्याला मी २०१२ नंतरची गाडी पाहण्यास सांगेन, म्हणजे नोंदणीची काही वर्षे पदरात पडतील. खालच्या श्रेणीतील जुन्या गाड्यांत एअरबॅग नव्हत्या. घरात लहान मुले असणाऱ्यांनी ही उणीव गंभीरपणे घ्यावी, आणि माझ्या दृष्टीने या गाडीची हीच एकमेव मोठी उणीव आहे. जुन्या इनोव्हाची किंमत अजून इतकी चढी आहे, की त्याच पैशांत कमी चाललेली मारुतीची अर्टिगा मिळते. चार-पाच माणसांच्या, डांबरी रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाने तीच घ्यावी. पण तिसऱ्या रांगेतही मोठी माणसे बसून माहूरला किंवा शेगावला जाणार असतील आणि शेवटचे दोन किलोमीटर कच्चे असतील, तर चेसिसवरच्या या गाडीला तेवढ्या पैशांत पर्याय मला दिसत नाही. नवी इनोव्हा हायक्रॉस चेसिसवर नाही आणि डिझेलवरही नाही, त्यामुळे आमच्या घरी ती विचारात नाही. २०२९ मध्ये नोंदणी पुन्हा वाढवायची वेळ येईल, तेव्हा चेसिसवर गंज नसेल तर आम्ही ती वाढवू.