भिशीच्या पैशातला जुना गोल्फ सेट: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत माझा भिशीचा नंबर लागला. बेलापूरच्या आमच्या ऑफिसात दहा जण महिन्याला दोन-दोन हजार टाकतो, म्हणजे हातात २०,००० रुपये. त्याआधी तीन महिने मी खारघरला, सिडकोच्या गोल्फ कोर्सवर, दुसऱ्याच्या सात नंबरच्या क्लबने, म्हणजे गोल्फच्या काठीने, बॉल मारत होतो आणि आता स्वतःचा सेट हवाच असं डोक्यात बसलं होतं. नव्या बॉक्स सेटचा भाव विचारला तर ४८,०००. दुकानदार म्हणाला, नऊ महिन्यांचं नो कॉस्ट ईएमआय आहे, काळजी कसली?

काळजी अशी, की नो कॉस्टमध्येही बँक व्याज लावतेच. दुकान तेवढी सूट आधी देतं म्हणून ते दिसत नाही, इतकंच. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि प्रोसेसिंग फी मात्र आपल्याच बोकांडी. माझ्या हिशेबाने साडेसातशेच्या आसपास जात होते. रक्कम मोठी नाही, पण मग त्याला फुकट कशाला म्हणायचं? आणि खेळ चार महिन्यांत सुटला तर हप्ते तेवढे खेळत बसायचे.

शेवटी जुन्या वस्तूंच्या ॲपवर ठाण्यातले एक निवृत्त काका सापडले, घोडबंदर रोडला राहणारे. गुडघ्यामुळे खेळ बंद. पाच नंबरपासून नऊपर्यंत आयर्न (मधल्या अंतराचे, स्टीलच्या डोक्याचे क्लब), पिचिंग वेज आणि सँड वेज (जवळून बॉल उंच उडवायला, वाळूतून काढायला), थ्री वूड (लांबच्या फटक्याचा), पटर (बॉल भोकाकडे ढकलायचा) आणि बॅग. नऊच क्लब, पण नियमात जास्तीत जास्त १४ ची मर्यादा आहे, कमीत कमी किती हवेत याला काही बंधन नाही. २०,००० सांगितले, १६,५०० ला सुटला. वर चहा-पोहे. बॅग घेऊन ठाण्याहून पनवेल लोकलने आलो. ऐरोलीपर्यंत एकाने विचारलं "तंबोरा आहे का?", दुसऱ्याने "फिशिंग रॉड?" खारघरला उतरेपर्यंत अर्धा डबा माझा गुरू झाला होता.

आता मुद्द्याचं. आठ महिन्यांत मला एवढं कळलं, की जुना सेट घेताना कुठला भाग म्हातारा होतो आणि कुठला होत नाही, हे बघायचं. आयर्नचं स्टीलचं डोकं फारसं म्हातारं होत नाही. काकांचा सेट दहा-बारा वर्षांचा आहे, मागून पोकळ असलेला, म्हणजे कॅव्हिटी बॅक. बॉल जरा कडेला लागला तरी सांभाळून घेतो. माझ्यासारख्याला नव्या मॉडेलने यापेक्षा काय जास्त दिलं असतं, मला सांगता येणार नाही. एकच अडचण: काका सहा फुटी, मी पाच-पाच. कॅडी, म्हणजे कोर्सवर बॅग उचलणारा मदतनीस, म्हणाला, शाफ्ट (दांडा) कापू नका, कापला की कडक होतो आणि डोक्याचं वजन हलकं वाटतं, त्यापेक्षा ग्रिप (वरची रबरी मूठ) दोन बोटं खाली धरा. तेच करतो. फुकटातला उपाय.

म्हाताऱ्या होतात त्या ग्रिप. एप्रिलच्या घामात रेंजवर (सरावाच्या मैदानात) सहा नंबर माझ्या हातातून सुटला आणि बॉलच्या पुढे जाऊन पडला. शेजारच्या मॅटवरचे गृहस्थ काही बोलले नाहीत, फक्त दोन मॅट पलीकडे सरकले. रबर जुनं झालं की कडक होतं, चकाकतं आणि आपल्याकडच्या दमटपणात साबणासारखं निसटतं. नव्या ग्रिप ४५० ची एक. घरीच बसवल्या. जुनी ग्रिप कटरने चिरून काढायची, ब्लेड आपल्यापासून लांब. खालची टेप खरवडायची, नवी दोन्हीकडून चिकटणारी टेप गुंडाळायची. ग्रिपच्या टोकाच्या भोकाला टी (बॉल ठेवायची छोटी खुंटी) लावून आत थिनर ओतायचं, हलवायचं, तेच टेपवर ओतायचं आणि एका दमात ग्रिप दांड्यावर सारायची. एका दमात, हे महत्त्वाचं. तिसऱ्या क्लबला मी मध्येच थांबलो, कारण खालच्या मजल्यावरच्या वहिनी "रंगकाम काढलंत का?" विचारायला वर आल्या होत्या. ती ग्रिप अर्ध्यावर जी चिकटली, ती चिरूनच काढावी लागली. पटर सोडून आठ क्लब, ग्रिप लागल्या नऊ. ४,०५० अधिक टेप-थिनरचे ३५०. (गॅसपासून लांब, बाल्कनीत करा.) फरक इतका जाणवला, की नवा सेट घेतल्यासारखं वाटलं.

आता माझा मूर्खपणा. सेटमध्ये ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, नव्हता. घरची ट्रेडमिल विकून ६,५०० आले, तेवढ्याच पैशांत एका विक्रेत्याकडून नामांकित कंपनीचा ड्रायव्हर घेतला. कॅडीने पहिलाच फटका ऐकला आणि म्हणाला, "साहेब, डबा वाजतोय." घरी येऊन फ्रिजवरचं चुंबक ड्रायव्हरच्या तोंडाला (बॉल लागतो त्या बाजूला) लावलं, पक्कं चिकटलं. वर टायटॅनियम कोरलेलं, आणि टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. तेव्हा ड्रायव्हर बघायला जाल तर खिशात चुंबक ठेवा आणि तोंडालाच लावा, तळाच्या वजनांना नको, ती खऱ्या क्लबमध्येही चिकटू शकतात. सौ. म्हणाली, "ट्रेडमिलवर निदान कपडे तरी वाळायचे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. टी शॉट, म्हणजे सुरुवातीचा फटका, थ्री वूडनेच मारतो. अंतर कमी पडतं, पण बॉल झाडीत कमी जातो.

पावसाळ्याबद्दल कुणी आधी सांगितलं नव्हतं. जुलैत एका रविवारी पांडवकड्याच्या डोंगरावरून सर आली, भिजलो, बॅग तशीच गाडीच्या डिकीत राहिली. गुरुवारी उघडली तर पट्ट्यावर पांढरी बुरशी आणि सँड वेजच्या तोंडावर, जिथे क्रोम झिजलंय तिथे, तांबडा गंज. तेव्हापासून घरी आलो की सगळे क्लब बाहेर, कोरड्या फडक्याने पुसायचे, बॅगेत पेपरचे बोळे आणि पंखा चालू.

हातमोजे आठ महिन्यांत तीन गेले, २,१०० रुपये. चामड्याचा घामाने पापडासारखा कडक झाला, सिंथेटिक टिकतो. बॉल नवे घेतच नाही, सापडलेले जुने घेतो. माझ्या फटक्याला नव्या-जुन्यातला फरक कळत नाही.

सगळं मिळून २३,०००, डबा-ड्रायव्हर धरून २९,५००. ग्रीन फी (कोर्सवर खेळायचे पैसे) वेगळी, ती कुठल्याही सेटला सारखीच.

एक गोष्ट मात्र नवी घेणार आहे: सँड वेज. तिच्या तोंडावरच्या खाचा गुळगुळीत झाल्यात, ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक गवतावर) बॉल थांबतच नाही, घरंगळत पलीकडे जातो. वेज जुनी घेऊ नका, घ्यायचीच तर खाचांत नख अडकतं का ते बघून घ्या. भिशीची नवी फेरी सुरू होतेय. पहिला नंबर मागून बघतो.