मेहरूणच्या बाईनं काय निवडावं: उल्लास की जन शिक्षण संस्थान?

जळगावात मेहरूण, पिंप्राळ्याकडून डाळ मिल नि चटईच्या कारखान्यांत जाणाऱ्या बायांना शिकायचं म्हटलं, तर या दोन योजना आधी डोळ्यांपुढे येतात.

‘उल्लास’ ही केंद्र सरकारची प्रौढ साक्षरतेची योजना, २०२२ पासूनची. वय १५ च्या पुढे कितीही चालतं. शिकवतात स्वयंसेवक, मग ती शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी का असेना. त्यामुळे कामाची पाळी सुटल्यावर ओट्यावरसुद्धा वर्ग भरतो. शेवटी वाचन, लेखन, आकडेमोड अशी १५० गुणांची चाचणी. हातात कमाईचं कौशल्य काही येत नाही. पण मजुरीचा हिशोब स्वतः वाचता येणं मला शिलाई मशीनपेक्षा मोठं वाटतं.

जन शिक्षण संस्थानं म्हणजे हाताला कौशल्य देणारी केंद्राच्या योजनेतली केंद्रं; ती स्वयंसेवी संस्था चालवतात. मूळ १९६७ चं, मुंबईच्या श्रमिक विद्यापीठाचं. शिवणकाम, ब्युटी पार्लर वगैरे शिकवतात. वय साधारण १५ ते ४५, महिलांना फी नाही. निरक्षरांनाही घेतात, पण मापं टिपताना अडतंच. शिवाय हजेरी लागते, आणि रोजंदारी बुडवून कोण येणार?

पन्नाशीच्या बाईसाठी उल्लासच. नववीत शाळा सुटलेल्या पोरीनं मात्र सरळ शिवणकामाला नाव घालावं.